डीबॅलस्टिंगचा खरा आकडा: जहाज कंपन्यांच्या ऑपरेशन्स आणि चार्टरिंग विभागांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पवई, अंधेरी, बेलापूरच्या काचेच्या इमारतींत बसून आमची जहाजे चालवणाऱ्या सगळ्यांना हे पत्र. तुमच्यातले बरेच जण कधीकाळी जहाजावर होते, काही तर माझ्याच जागी, चीफ ऑफिसर म्हणून. तेव्हा प्रस्तावना आवरतो. मागणी एकच आहे. माल भरताना जहाज तासाला किती बॅलस्ट पाणी, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या पोटात वजनासाठी भरलेले समुद्राचे पाणी, बाहेर टाकू शकते याचा जो आकडा तुम्ही चार्टररला (जहाज भाड्याने घेणाऱ्याला) आणि टर्मिनलला कळवता, तो आज जहाजावर खरोखर मिळणारा आकडा असू द्या. जहाज गोदीतून नवे कोरे निघाले तेव्हा पंपाच्या पाटीवर होता तो नको.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुले पत्र कशाला? दोन ईमेल लिहून झाल्या म्हणून. दोन्ही वेळा उत्तर आले, 'नोटेड विथ थँक्स.' दुसरेही एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

पत्र खुले आहे म्हणजे आमच्या घरचेही वाचणार, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. आमचे आजोबा देवगडला गलबतावर तांडेल होते. माल उतरवून रिकामे परतताना गलबताच्या तळात दगड, वाळू भरत, त्याला ते नीरम म्हणत. आमच्या जहाजावर दगडांच्या जागी समुद्राचे पाणी आहे आणि ते भरायला-काढायला पंप आहेत. मी हल्ली ज्या जातीच्या जहाजांवर असतो, त्या ८२ हजार टनी कामसारमॅक्सच्या दुहेरी तळात आणि वरच्या कोपऱ्यांतल्या टाक्यांत रिकाम्या फेरीत वीस-बावीस हजार टन पाणी असते. धक्क्याला लागले की वरून लोडर खनिज ओततो आणि त्याच वेळी आम्ही खालून पाणी काढत राहतो. दोघांचा ताल जमला पाहिजे.

बायकोने एकदा विचारले होते, "आदल्या दिवशीच सगळे पाणी काढून टाकले तर?" प्रश्न रास्त आहे. पण पाणी काढले की जहाज बुचासारखे वर येते. पंखा अर्धा उघडा पडतो, वारा जहाजाला आडवे ढकलतो, टगवाल्यांची तारांबळ उडते, आणि धक्क्यावरच्या लोडरचा हात हॅचच्या कठड्याला अडतो. म्हणून पाणी पोटात घेऊनच लागायचे.

आणि मुख्य भानगड ताकदीची. २२९ मीटर लांबीचे जहाज दिसायला लोखंडी डोंगर असले तरी वाकते. टोकांना वजन आणि मध्ये हलके, तर कावडीच्या काठीसारखे मधून वर उचलले जाते. मध्ये वजन आणि टोके हलकी, तर जुन्या बाजेसारखा झोळ पडतो. आम्ही त्याला हॉगिंग आणि सॅगिंग म्हणतो. लोडरने कुठल्या खणात किती टन टाकायचे आणि त्या वेळी कुठल्या टाकीतले पाणी निघालेले असायचे, हे म्हणून आधी ओळीने लिहून ठरते. एका दमात एका खणात टाकायचा माल म्हणजे एक पोअर. पंधरा-सोळा पोअर, प्रत्येकापुढे टाक्यांची नावे आणि प्रत्येक टप्प्याला जहाजावर किती ताण येईल त्याची टक्केवारी. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'ट्रेड डेअरिंग' नावाचे जहाज ब्राझीलच्या पोंता दा मादेइरा इथे धक्क्यालाच, माल भरता भरता मधोमध मोडले. वादळ नाही, टक्कर नाही. १९९७ मध्ये आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, बल्क कॅरिअर (खनिजासारखा सुटा माल नेणारी जहाजे) भरण्या-उतरवण्याची आचारसंहिता काढली, आपण जिला बीएलयू कोड म्हणतो. त्यात स्पष्ट आहे की भरण्याचा क्रम आणि वेग जहाज आणि टर्मिनल यांनी आधी लेखी ठरवायचा, आणि ताण मर्यादेबाहेर जातोय असे दिसले तर जहाजाने काम थांबवायचे.

हे तुम्हाला पाठ आहे. मग बिघडले कुठे?

बिघडले ते बॅलस्ट पाण्याचे शुद्धीकरण यंत्र बसले त्या दिवशी. गैरसमज नको, मी त्या यंत्राच्या विरोधात नाही. एका बंदरातले पाणी आणि त्यातले जीवजंतू दुसऱ्या बंदरात ओतल्याने काय होते हे आपण पुरेसे पाहिले आहे. युरोपातला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये सापडला आणि त्याने पाणीपुरवठ्याचे नळ बुजवून टाकले. काळ्या पट्ट्यांचा परदेशी शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांतही ठाण मांडून बसलाय. या प्रश्नावर आयएमओने जगातली सहा बंदरे निवडून जो प्रकल्प २००० साली सुरू केला, त्यातले एक बंदर मुंबई होते. ज्याला चिंबोऱ्या आणि तिसऱ्या खायची आवड आहे, त्याने तरी या कायद्याला नावे ठेवू नयेत. बॅलस्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला, आणि ८ सप्टेंबर २०२४ पासून पाणी नुसते खोल समुद्रात बदलून भागत नाही. बाहेर जाणाऱ्या एका घनमीटर पाण्यात पन्नास मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, गच्चीवरची एक टाकी. एवढ्या पाण्यात दहासुद्धा नकोत.

यंत्र बसवले, उत्तम. पण कसे बसवले? आमच्या जहाजावर बॅलस्टचे पंप दोन, प्रत्येकी तासाला हजार घनमीटरचे. यंत्र मात्र एकाच पंपाच्या क्षमतेचे, कारण इंजिन रूममध्ये जागा नव्हती, जनरेटरची ताकद मोजकी होती आणि मोठे यंत्र महाग होते. त्यात ते अतिनील किरणांचे, म्हणजे पाणी भरताना एकदा आणि काढताना पुन्हा एकदा त्याच्यातून न्यावे लागते. पूर्वी वरच्या टाक्यांचे पाणी पंपाला हातही न लावता जायचे. व्हॉल्व्ह उघडला की धबधबा थेट समुद्रात, आणि खालच्या टाक्यांना पंप मोकळे. आता ते व्हॉल्व्ह सीलबंद आहेत. वरचे पाणीही खाली आणून, यंत्रातून फिरवून, मग बाहेर.

आता हिशेब करा. बावीस हजार टन, तासाला दोन हजार, म्हणजे अकरा तास. ते पूर्वीचे. आता तासाला हजार, म्हणजे बावीस तास, आणि तेही यंत्र एकदाही कुरकुरले नाही तर. शिवाय शेवटचे वीतभर पाणी एडक्टर (तळाचे पाणी ओढणारे शोषक उपकरण) लावून खेचायचे, ते वेगळे. लोडर तासाला चार-पाच हजार टन ओततो. ऐंशी हजार टन माल, लोडरची हलवाहलव धरून, वीस तासांत आत. वीस तासांत माल भरणाऱ्या जहाजाला बावीस तास पाणी काढायला लागतात, आणि चार्टररला, टर्मिनलला पाठवायच्या तुमच्या प्रश्नावलीत अजून लिहिलेले असते: डीबॅलस्टिंग रेट, दोन हजार घनमीटर प्रति तास.

ती रात्र सांगतो. दक्षिण अमेरिकेतले एक बंदर, लोहखनिज, मध्यरात्र उलटून अडीच-पावणेतीन. सातवा पोअर, तीन नंबरचा खण. प्लॅनप्रमाणे त्याच्या खालची टाकी आतापर्यंत कोरडी व्हायला हवी होती. बॅलस्ट कंट्रोल रूममध्ये यंत्राचा अलार्म वाजायला लागला, किरणांची तीव्रता कमी. टाकीत तळाशी बसलेला गाळ पाणी उतरले तसा ढवळून वर आला होता. गढूळ पाण्यातून किरण पार जात नाहीत, म्हणून यंत्राने आपणहून प्रवाह हजारावरून सहाशेवर आणला. आमचा बत्ती साब, म्हणजे इलेक्ट्रिकल ऑफिसर, उघड्या पॅनेलसमोर उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. डेकवर खनिजाच्या लाल धुळीचा थर, बुटांखाली करकर. कॅडेट पोराने साउंडिंग टेपवर खडू चोळून ती पाइपात सोडली, वर काढली, टॉर्चच्या उजेडात धरली. टाकीत दोन मीटर दहा सेंटिमीटर पाणी. मी परत मोजायला लावले. दोन मीटर आठ.

लोडिकेटरवर, म्हणजे ताणाचा हिशेब करणाऱ्या संगणकावर, पुढचा पोअर टाकून बघितला. पाणी आहे तसे राहिले तर शिअर फोर्स, म्हणजे जहाजाला कातरू पाहणारा ताण, मर्यादेच्या एकशे सहा टक्के.

किनाऱ्यावर ज्यांनी कधी लोडर थांबवला नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे नळ बंद करण्यासारखे नसते. फोरमनला रेडिओवर 'स्टॉप' म्हटले तरी किलोमीटरभर लांब पट्ट्यावर चढलेला माल येतच राहतो. चारशे टन तरी पडणारच. म्हणजे मर्यादा गाठेपर्यंत वाट बघायची नसते, चारशे टन आधीच तोंड उघडायचे असते, जेव्हा पडद्यावर सगळे अजून हिरवे असते. मी थांबवले. फोरमन सभ्य माणूस होता, एवढेच म्हणाला, "चीफ, पुढचे जहाज नांगरावर उभे आहे." एक तास पन्नास मिनिटे लोडर हवेत लटकून राहिला. बत्ती साबने आणि थर्ड इंजिनिअरने दिव्यांच्या काचनळ्या धुतल्या, मी दुसऱ्या टाकीतले स्वच्छ पाणी आधी काढायला घेतले, आणि पोअरचा क्रम फिरवून नवा प्लॅन फोरमनकडून सही करून घेतला.

सकाळी ऑफिसची ईमेल आली. विषय: लोडिंग डिले. मजकूर एका ओळीचा: कृपया लोडर का थांबवला याचा खुलासा करावा आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय उपाय केले ते कळवावे.

राग आला, नाही असे नाही. पण तुमचीही अडचण मला कळते. चार्टर पार्टीत, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारात, कलम असते की डीबॅलस्टिंगमुळे गेलेला वेळ ले-टाइममध्ये (माल भरायला दिलेल्या वेळेत) धरणार नाही. म्हणजे ते दोन तास मालकाच्या खिशातून. तुमच्या साहेबांनी तुम्हाला विचारले, तुम्ही मला विचारले. प्रश्न असा की तो आकडा टर्मिनलला दोन हजारच्या जागी हजार, किंवा गाळ धरून आठशे, असा आधीच कळवला असता तर काय झाले असते? आम्ही प्लॅनमध्येच दोन ठिकाणी ठरवून थांबे टाकले असते, किंवा सुरुवातीच्या पोअरचा वेग कमी मागितला असता. टर्मिनलने त्या वेळात पट्ट्याची देखभाल उरकली असती, किंवा लोडर शेजारच्या जहाजावर नेला असता. ठरवून थांबलेले दोन तास आणि भरल्या पट्ट्यावर अचानक थांबलेले दोन तास यांत किती फरक आहे हे कुठल्याही टर्मिनलवाल्याला विचारा.

चार्टरिंगच्या एका मित्राने मला फोनवर सरळ सांगितले, "खरा आकडा लिहिला तर फिक्स्चर, म्हणजे भाड्याचा सौदा, शेजारच्या कंपनीला जाईल. तिचे जहाज तसेच आहे, यंत्र तसेच आहे, फक्त ती दोन हजार लिहिते." पत्र खुले करण्याचे दुसरे कारण ते हेच. एकट्या कंपनीने खरे बोलून ती तोट्यात जाणार असेल, तर मी एकट्या कंपनीला पत्र लिहून उपयोग नाही. तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता, एकाच क्लबात जेवता, एकमेकांची माणसे पळवता. एकदा हेही बोलून घ्या.

गाळाचे मूळ मात्र भरायच्या बंदरात नसते, त्याआधीच्या उतरायच्या बंदरात असते, हे ऑफिसात सोयीस्करपणे विसरले जाते. माल उतरवताना आम्ही पाणी आत घेतो. हुगळीसारख्या नदीत ते पाणी दुधाच्या चहासारखे असते. यंत्राच्या आधी एक बारीक चाळणी असते, ती दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःला धुवत बसते आणि तेवढा वेळ पुढे पाणी जात नाही. इकडे ग्रॅब माल उपसतोय, जहाज वर येतेय, आणि पाणी येतेय टिचभर. मग कोणीतरी म्हणते, यंत्र बायपास करा, पाणी थेट आत घ्या. मार्च २०२४ मध्ये आयएमओने अशा पाण्यासाठी तात्पुरत्या सूचना काढल्या आहेत. बायपास चालतो, पण सगळे उपाय थकल्यावर, आणि नंतर भर समुद्रात ते पाणी काढून टाक्या धुवून यंत्रातून गेलेले नवे पाणी भरायचे. बावीस हजार टन बाहेर, बावीस हजार टन आत, तासाला हजारने चव्वेचाळीस तास. तेही हवा बरी असेल तर, कारण उसळत्या समुद्रात अर्ध्या रिकाम्या टाक्या घेऊन कोणी शहाणा कॅप्टन हिंडत नाही. २००६ मध्ये 'कुगर एस' हे गाड्या वाहणारे जहाज पॅसिफिकमध्ये बॅलस्ट बदलता बदलताच कुशीवर आडवे झाले होते. तुमच्या व्हॉयेज ऑर्डरमध्ये या चव्वेचाळीस तासांसाठी जागा कधी पाहिली नाही. तिथे फक्त ईटीए, म्हणजे पोहोचायची वेळ, असतो.

क्लोरीनवाल्या यंत्रांचे नखरे वेगळे. त्यांना गढूळ पाण्याचे फार वावडे नाही, काढताना रासायनिक डोस देऊन पाणी झपाट्याने सोडता येते, पण भरताना क्लोरीन बनवायला पाण्यात मीठ हवे. गोड्या पाण्याच्या नदीत गेलो की यंत्राला पाजायला मागच्या आफ्टर पीक टाकीत समुद्राचे पाणी राखून न्यावे लागते. म्हणजे ट्रिम (जहाजाचा पुढचा-मागचा तोल) साधायला जी टाकी हाताशी असायची तीच अडकून पडते. ऑपरेशन्सच्या एका तरुण मुलाने मला विचारले होते, "सर, आफ्टर पीक रिकामी करून अजून थोडा कार्गो घेता येईल का?" त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. यंत्र कुठले, त्याला काय लागते, ते बसल्यावर कुठली टाकी आपली राहिली नाही, याचा एक कागद प्रत्येक जहाजाच्या फायलीला लावा. मी माझ्या जहाजाचा करून पाठवला आहे, दीड पानाचा झाला.

झोपेबद्दल लिहू की नको असे झाले होते. नियमाने चोवीस तासांत दहा तास विश्रांती आणि आठवड्यात सत्त्याहत्तर. वीस तासांचे लोडिंग, त्याआधी ड्राफ्ट सर्व्हे (जहाज किती बुडाले ते मोजून मालाचे वजन काढणे), नंतर ड्राफ्ट सर्व्हे, मध्ये सरकारी तपासणीस येऊन बॅलस्ट रेकॉर्ड बुक उघडून बसणार, आणि ताणाचा हिशेब करायला माणूस एकच. मग रेस्ट अवर्सच्या तक्त्यात काय होते ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही ते केलेले आहे. आपण त्याला फ्लॉगिंग म्हणतो आणि हसतो. त्या रात्री मी उठून तेवीस तास झाले होते. एकशे सहाचा आकडा माझ्या लक्षात आला हे माझे कौतुक नाही, लोडिकेटरचा अलार्म कर्कश आहे. भीती मला वेगळीच वाटते. माझ्या जागी पहिल्यांदाच चीफ ऑफिसर झालेला पोरगा असता, मागच्या बंदरातली 'कृपया खुलासा करावा' ही ईमेल त्याच्या डोक्यात असती, तर त्याने चारशे टन आधी तोंड उघडले असते का?

म्हणून त्या ईमेलचा मसुदाही बदला, ही जाता जाता विनंती. 'लोडर का थांबवला' याऐवजी 'थांबवला तेव्हा टक्केवारी किती होती' एवढेच विचारा. उत्तर एका आकड्यात येईल आणि तुम्हालाच पुढच्या करारात उपयोगी पडेल. आणि लोडिंग पोर्टला निदान एक ज्यादा ऑफिसर द्या. खर्च किती येतो ते लोडरच्या दोन तासांशी तोलून बघा, मी कशाला सांगू.

गणपती आटोपले की मी जहाजावर चढतोय. उतरायच्या बंदरात यंत्र चालू ठेवून, चाळणी धुतली जात असतानाचा आणि नसतानाचा, दोन्ही प्रवाह घड्याळ लावून मोजीन. काढतानाचा वेग टाकीनिहाय मोजीन. प्रश्नावली भरताना तोच आकडा लिहीन आणि खाली मोजल्याची तारीख टाकीन. तुम्ही तो खोडून दोन हजार केलात तर तुमच्या नावाने करा, ईमेलची प्रत मला पाठवा, म्हणजे मी ती लोडिंग प्लॅनला जोडून फोरमनच्या हातात देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चीफ ऑफिसर
मुक्काम देवगड, सध्या रजेवर